हाकेचं नाव, दाखल्यावरचं नाव

मुलीचं नाव 'मनू' ठेवणार असं आईवडिलांनी सांगितलं की घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "ते हाक मारायला झालं; दाखल्यावर काय घालणार?" गोदा, सई, जिजा, यमू, चिमा, बयो अशा जुन्या घरगुती नावांची ओढ तरुण आईबापांना पुन्हा वाटू लागली आहे, आणि दर वेळी हा प्रश्न येतोच. त्यामागे एक समजूत आहे. लांब, संस्कृत वळणाचं ते खरं नाव, आणि त्याचं आखडून झालेलं घरातलं रूप लाडापुरतं, कागदावर न शोभणारं. मराठी नावांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. आपल्याकडच्या बाईच्या आयुष्यात घरातलं नावच अनेकदा मोठ्या नावापेक्षा चिवट ठरलं आहे. म्हणून असं नाव निवडणाऱ्यांनी बिचकू नये. ते नाव घडलं कसं आणि कोणाच्या तोंडून आलं, एवढं मात्र नीट समजून घ्यावं.

आधी घडण पाहू. यमुनेची यमी किंवा यमू होते, गोदावरीची गोदी किंवा गोदू, सरस्वतीची सरी किंवा सरू, मालतीची माली किंवा मालू. नावाचा पुढचा तुकडा ठेवायचा, मागचा सोडून द्यायचा आणि शेवटी दीर्घ 'ई' किंवा दीर्घ 'ऊ' लावायचा, की झालं नाव. हे कोणी कोणाला शिकवत नाही. नुकतीच शाळेत जाऊ लागलेली मुलगीसुद्धा पाळण्यातल्या वैष्णवीची 'वैशू' करते, आणि ती हाक घरात सगळ्यांना पटते.

ही रीत फार जुनी आहे. पाणिनीनं अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात माणसांची लांब नावं आखडण्याचे नियमच दिले आहेत. देवदत्त या नावाची देविक, देविय आणि देविल अशी रूपं होतात. नावातल्या दुसऱ्या स्वरापुढचा भाग गाळायचा आणि मग प्रत्यय लावायचा, असं तिथलं सूत्र आहे. हे प्रत्यय कधी लावायचे, तर अनुकंपेच्या अर्थी. आज 'अनुकंपा' हा शब्द आपल्याला बहुतेक नोकरीच्या अर्जांवर भेटतो. व्याकरणात तो जवळच्या माणसाविषयी वाटणाऱ्या मायेसाठी आला आहे. म्हणजे नाव तोडणं ही जिभेची आळशी सवय नसून मायेचं व्याकरण आहे, हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका वैयाकरणानं मान्य केलं होतं. देवदत्ताच्या 'देविल'कडून गोदावरीच्या 'गोदू'कडे थेट वाट जाते असं मी म्हणणार नाही, कारण प्रत्यय वेगळे आहेत. पण पुढचे दोन उच्चार राखून बाकीचं सोडण्याची तऱ्हा तीच आहे.

मराठीतल्या 'ई' आणि 'ऊ' यांत मात्र मोठा फरक आहे, आणि नाव ठेवणाऱ्यानं तो कानानं ओळखावा. 'यमी'त सलगी आहे तशी अधिकाराची धारही आहे. मुलांच्या 'गण्या', 'पांड्या' या नावांतला 'या' जे काम करतो, तेच मुलींच्या नावांत ही 'ई' करते. आईच्या तोंडी तिच्यात माया असते, मैत्रिणीच्या तोंडी बरोबरीचं नातं असतं, आणि मालकिणीनं कामवालीला मारलेल्या हाकेत पायरी दाखवणं असतं. घरची मुलगी 'यमूताई' आणि धुण्याला येणारी 'यमी', असा भेद आपल्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पाळला. जात आणि गरिबी एका स्वराच्या फरकात ऐकू येत असे.

'ऊ' त्या मानानं सरळ आहे. तो मुलगा-मुलगी पाहत नाही. बाळू, राजू, मनू, शालू सगळे एका रांगेत बसतात. गोदा असो की गोदी, रागावून हाक मारली की 'गोदे!' होतं, यमीचं 'यमे!' होतं. 'गोदू' आणि 'यमू' मात्र संबोधनात जसेच्या तसे राहतात. नावाच्या टोकाला तो दटावणीचा 'ए' लावण्याची सोयच 'ऊ' ठेवत नाही. अर्थात हाच 'ए' जात्यावरच्या ओव्यांत 'सये' होऊन येतो तेव्हा त्यात नुसता जिव्हाळा असतो. प्रत्यय वाट दाखवतो. शेवटचा शब्द मात्र सुराचा असतो.

घरगुती नाव कमी प्रतीचं, असं मानणाऱ्याला सगळ्यात मोठं उत्तर पंढरपुरात मिळतं. विठ्ठलाचा 'विठू' आणि 'विठोबा' झाला, रुक्मिणीची 'रखुमाई' झाली, आणि त्याच नावांनी वारकऱ्यांनी देवाला शतकानुशतकं हाक मारली. संतांनी आपल्या नाममुद्राही तशाच घेतल्या. तुकारामांच्या अभंगांत 'तुका' येतो, नामदेवांच्या अभंगांत 'नामा' येतो, जनाबाईंच्या अभंगांत 'जनी' येते. जनाबाईंचं उदाहरण या विषयात फार मोलाचं आहे. दासीला हाक मारायची ती 'ई' त्यांनी स्वतःच्या नावाला स्वतः लावून घेतली आणि देवाशी बोलताना वापरली. ज्या रूपात इतरांनी खालची पायरी ठेवली होती, त्याच रूपात त्यांनी सलगी भरली. पुढच्या पिढ्यांनी त्यांना आदरानं जनाबाई म्हटलं, तरी अभंगांत सही 'जनी'चीच आहे.

हीच 'यमी'चीही गोष्ट. आज ते नाव कोणी मुलीला ठेवायला धजणार नाही, पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम आणि यमी या भावंडांचं संवादसूक्त आहे. पुढे पुराणांनी या यमीलाच यमुना मानलं, आणि भाऊबिजेला आपण यमद्वितीया म्हणतो ती यमुनेच्या घरी यम जेवायला गेला या कथेमुळे. म्हणजे आजीच्या तोंडची 'यमी' आणि वेदातली यमी या दोन वेगळ्या वाटांनी एकाच नावावर येऊन मिळाल्या. नदीच्या नावाच्या मुलीशी लग्न करू नये, असं मनुस्मृतीत सांगितलं आहे. मराठी घरांनी ते कधी कानावर घेतलं नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, भीमा अशा नद्याच्या नद्या आपल्या पाळण्यांत झोपल्या, आणि प्रत्येकीला घरानं एक छोटं नाव दिलं.

आता बाईच्या नावाचा प्रवास पाहू, कारण या सगळ्याचं मर्म तिथे आहे. नामकरणाच्या विधीत चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक, आणि चौथं व्यावहारिक. ताम्हणात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं त्यांत नाव लिहायचं, मग आत्यानं ते बाळाच्या कानात सांगायचं. मुलीच्या आयुष्यात हे ताम्हण पुन्हा एकदा येई. लग्न होऊन ती सासरी आली की तसेच तांदूळ, तशीच अंगठी, आणि या वेळी नवऱ्याच्या हातानं नवं नाव. बारशाचं नाव त्या क्षणी कागदावरून आणि व्यवहारातून पुसलं जाई. उरे ते फक्त माहेरच्या माणसांच्या तोंडी असलेलं, आणि ते बहुधा आखडलेलंच असे.

दोन लक्ष्मीबाई घ्या. काशीत जन्मलेली मणिकर्णिका तांबे 1842 साली गंगाधररावांशी लग्न होऊन झाशीत आली आणि लक्ष्मीबाई झाली. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली आणि पुढे तिनं 'स्मृतिचित्रे' लिहिलं. एकीनं तलवार धरली, दुसरीनं लेखणी. दोघींचं माहेरचं नाव एकच होतं, मनू. काशीच्या घाटाचं नाव मणिकर्णिका, म्हणजे कानातला रत्नाचा दागिना. मराठी जिभेवर त्याचं मनकर्णिका झालं, म्हणूनच आखडताना 'मणी' न होता 'मनू' झालं. या दोघींना सासरी मिळालेलं लक्ष्मी हे नाव त्या काळात घरोघरच्या सुनांना मिळत असे. 'मनू' मात्र त्यांना घरानं, खेळताना, रागावताना, जेवायला बोलावताना दिलेलं होतं.

दोन यमुनाही घ्या. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या यमुनेचं लग्नानंतर आनंदी झालं. त्या आनंदीबाई जोशी 1886 साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. दोघींच्या कर्तृत्वाची दखल जगानं सासरच्या नावानं घेतली. त्यांच्या मूळ नावाची नदी चरित्रांच्या पहिल्या पानापुरती वाहते आणि मग लुप्त होते.

याला एक सुंदर अपवाद आहे. बालविधवा गोदूबाई जोशी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी. धोंडो केशव कर्व्यांशी 1893 साली त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्यांचं नाव आनंदीबाई ठेवण्यात आलं. त्या लग्नामुळे कर्व्यांना वाळीत टाकलं गेलं, त्या लग्नातून पुढे हिंगण्याच्या आश्रमाचं केवढं काम उभं राहिलं, हे आपण जाणतो. पण आज त्यांना आनंदीबाई म्हणून फारसं कोणी ओळखत नाही, गोदूबाई म्हणून तर नाहीच. त्या 'बाया कर्वे' आहेत. बाया हे घरातल्या, आश्रमातल्या माणसांच्या तोंडचं नाव. ते ना माहेरानं विधिपूर्वक ठेवलं, ना सासरनं. त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मकथेची आणि त्यांच्या कामाची आठवण निघते ती याच दोन अक्षरांनी. दोन रीतसर नावं मागे पडली आणि हाकेचं नाव इतिहासात गेलं.

रमाबाई आंबेडकरांच्या नावात तर मराठीचे जवळजवळ सगळे प्रत्यय एका आयुष्यात पाहायला मिळतात. लहानपणी त्या 'रामी' होत्या. लग्नानंतर रमाबाई झाल्या. बाबासाहेब त्यांना 'रामू' म्हणत. 1935 साली त्या गेल्या, आणि त्यानंतर काही वर्षांनी बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला इंग्रजी ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. एका गंभीर राजकीय ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेवर त्यांनी छापलं ते नाव 'रामू' होतं. रमाबाई लिहिता आलं असतं. जगाला तेच ठाऊक होतं. पण सगळ्या हालअपेष्टांत सोबत केलेल्या बायकोचं ऋण मानताना त्यांना हाकेचं नावच खरं वाटलं असावं. पुढे समाजानं त्या नावाला 'आई' जोडली आणि त्या 'रमाई' झाल्या. ई, बाई, ऊ, आई: गरिबीतलं बालपण, संसार, नवऱ्याची माया, लोकांची भक्ती, एवढं सगळं चार शेपटांत मावलं आहे.

हा 'आई' प्रत्ययही मराठीचा खास आहे. मुक्ताई, जिजाई, रखुमाई, तुकाई, यमाई. वयानं लहान असलेल्या मुक्तेलाही भाषेनं आई केलं. 'आऊ'चंही तसंच, जिजाऊ म्हणताना आपण तेच करतो. आखडलेल्या नावाला हे शेपूट लागलं की लाड आणि आदर यांत भांडण उरत नाही.

नाव नेहमी छोट्याकडून मोठ्याकडेच बदलत असे, असंही नाही. बडोद्याच्या सयाजीरावांची पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई. सासरी ती चिमणाबाई झाली. ती तरुणपणीच वारली. दुसरी राणी देवासच्या घाटग्यांची गजराबाई. तीही चिमणाबाईच झाली. चिमणा म्हणजे लहान, इवलासा. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन 1927 साली पुण्यात भरलं, त्याच्या अध्यक्षस्थानी याच दुसऱ्या चिमणाबाई होत्या. इवलंसं असा अर्थ असलेलं नाव एका महाराणीनं सभेत मिरवलं, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. 'मोठी झाल्यावर हे नाव शोभेल का?' या शंकेचं उत्तर मला त्यात दिसतं. नाव माणसाच्या मापाचं होत जातं.

काही घरगुती नावांमागे मोठं नाव कधी नव्हतंच, तीही पाहण्यासारखी आहेत. भगिनीपासून बहीण आली आणि बहिणीवरून बहिणा. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई आणि खानदेशातल्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी, दोघींची नावं नात्याच्या शब्दातून आली आहेत. थोरल्या भावंडाच्या कडेवर वाढणाऱ्या मुलीला घरात 'बहिणा' म्हटलं जात असणार, आणि तेच नाव कायम होत असणार. माईच्या मागे माता आहे. अक्का हा थोरल्या बहिणीचा शब्द कन्नडशी असलेल्या शेजारातून आपल्याकडे आला. कोकणात आणि गोव्यात रांगत्या मुलीलाही 'बाय' म्हणतात, तिची 'बयो' होते. 'ठकी' हे मुलीचं नाव आणि लाकडी बाहुलीचंही. विसाव्या शतकात यांत इंग्रजीची भर पडली आणि घरोघर 'बेबी' आल्या. घरातली धाकटी ती बेबी, मग बेबीताई, मग बेबीमावशी. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहून दलित बाईच्या जगण्याचा पहिल्या हातचा दस्तऐवज मराठीला दिला, आणि त्या पुस्तकावर नाव 'बेबी'च आहे. पुस्तकाचं वजन त्यामुळे तसूभरही कमी झालेलं नाही.

आज जुन्या वळणाच्या नावांपैकी सगळ्यात रुळलेलं नाव सई. त्याची कथा सांगायलाच हवी. संस्कृत सखीतला 'ख' प्राकृतात हलका होऊन 'ह' झाला, सखीची 'सही' झाली. बधिरचं बहिरा झालं, मधूकाचं मोहाचं झाड झालं, त्याच वाटेनं. मराठीत तो 'ह'ही विरला आणि राहिली 'सई'. दोन स्वर आणि एक व्यंजन, बस्स. शिवाजी महाराजांची पहिली राणी, फलटणच्या निंबाळकरांची सईबाई, 1659 साली राजगडावर वारली. म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षं हे नाव आपल्या नोंदींत आहे. जात्यावर बसलेल्या बायकांनी एकमेकींना याच शब्दानं साद घातली. मग मधल्या काळात ते मागे पडलं. 1938 साली जन्मलेल्या सई परांजपे यांच्या पिढीत ते विरळाच होतं. आता बालवाडीच्या हजेरीत एखादी तरी सई असते, आणि तिचं 'खरं नाव' काय असं कोणी विचारत नाही. एका घरगुती शब्दाला पूर्ण नावाचा मान मिळाल्याचं हे डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे. मनू, गोदा, चिमा यांच्याही वाट्याला ते यावं असं मला मनापासून वाटतं.

पण सगळीच जुनी घरगुती नावं परत आणण्याजोगी नाहीत. हाकेतून घडलेलं नाव हाक मारणाऱ्याचं मन जपून ठेवतं, आणि ते मन नेहमीच प्रेमळ नव्हतं. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नकोशी', 'नकुसा' अशी नावं आपल्याच गावांत ठेवली गेली. घरात चिडून म्हटलं गेलेलं ते शाळेच्या दाखल्यावर चढलं आणि मुलींनी ते रोज हजेरीत ऐकलं. सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर समारंभ करून अशा 285 मुलींची नावं बदलण्यात आली. मुलींनी स्वतः निवडलेली नवी नावं प्रमाणपत्रावर घेतली. ज्यांना शंका असेल की दोन-तीन अक्षरांनी असा काय फरक पडतो, त्यांनी या मुलींची आठवण ठेवावी. म्हणून जुनं नाव उचलताना विचारायचा प्रश्न 'हे पुरेसं भारदस्त आहे का' हा नव्हे. हे नाव पहिल्यांदा कोणी, कोणत्या मनानं उच्चारलं, हा आहे. 'ई'कारान्त नावांच्या बाबतीत हे जास्त जपावं. आपल्या घरात 'जनी' कौतुकानं म्हटलं जाईल. पण तेच नाव कोणाकोणाला तुच्छतेनं ऐकावं लागलं, ही आठवणही त्याच्याबरोबर येते. ती ठाऊक असूनही, जनाबाईंच्या वाटेनं, ते अभिमानानं ठेवता येतं. नकळत ठेवू नये.

कागदोपत्री अडचण काही नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा नावाची लांबी मोजत नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच ठरलेलं असावं असं नाही. नोंदीपासून बारा महिन्यांत ते शुल्काशिवाय घालता येतं, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे आधी बाळाला घरात हाका मारून पाहाव्यात, जी टिकेल ती लिहावी, एवढी सवड कायद्यानंच दिली आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम आला आहे. चार नावांच्या त्या ओळीत 'मनू' किंवा 'गोदा' सुरुवातीला असली तर ओळ वाचायलाही सुटसुटीत होते.

निवडताना दोन-तीन व्यावहारिक गोष्टी पाहाव्यात. नाव रोमन लिपीत कसं दिसतं हे लिहून बघावं. सई आणि साई तिथे बहुधा एकाच अक्षरांत लिहिले जातात, आणि परप्रांतात किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलीला ते आयुष्यभर समजावून सांगावं लागतं. 'ऊ'कारान्त नावानं मुलगा की मुलगी हे कळत नाही, हे काहींना आवडेल, काहींना नाही. आणि नाव मुळातच छोटं असलं की लाड थांबतील अशी भीती धरू नये. मराठीला नाव आखडता येतं तसं वाढवताही येतं. सईची सईबाई होते, मनूची मनुली आणि मनुडी होते, चिमाची चिमुकली होते. आईबाप दाखल्यावर काहीही लिहोत, घर त्यावर आपलं काम सुरूच ठेवतं.

शेवटी एक विनंती. ही नावं पुस्तकांत शोधून फारशी सापडणार नाहीत. मी सांगितलेल्या बायका थोर होत्या म्हणून त्यांची माहेरची नावं लिहून राहिली. आपल्या पणज्यांची राहिली नाहीत. जुन्या वंशावळींत लेकींची नोंदच नसे, आणि सुना असल्या तर सासरच्या नावानं. सातबारावर, रेशनकार्डावर, मतदारयादीत जी लक्ष्मीबाई किंवा पार्वतीबाई दिसते, ती माहेरी कोण होती हे आता फक्त घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाला ठाऊक असेल. मुलीसाठी नाव शोधत असाल तर नावांच्या यादीआधी त्या माणसाकडे जा. आजीला तिच्या आईचं माहेरचं नाव विचारा, आणि मग तिला घरात काय म्हणत, तेही विचारा. ती हाक मायेची असेल, तर ती उचला आणि नव्या मुलीच्या दाखल्यावर पहिलं नाव म्हणून लिहा. जे नाव एका मुलीला लग्नाच्या दिवशी माहेरी ठेवून यावं लागलं, ते तिच्या पणतीला जन्मभर स्वतःजवळ ठेवता येईल.